मिठाच्या गोणीला सीटबेल्ट

आमच्या व्हील अलाइनमेंटच्या दुकानामागे जुन्या टायरचा ढीग आहे. तो कुणी मुद्दाम रचलेला नाही. गिऱ्हाईक नवे टायर घालून जातं, जुने इथेच टाकून जातं. किश्शांचंही तसंच झालंय. लोक गाडी रॅम्पवर चढवतात, काम होईपर्यंत येरझाऱ्या घालतात, येरझाऱ्या घालताना तोंड चालू असतं, आणि काम झालं की निघून जातात. बोललेलं मात्र आमच्याकडेच पडून राहतं. अधूनमधून उपसावं लागतं, नाहीतर पाय ठेवायला जागा उरायची नाही!

दुकान पेण आणि वडखळच्या मधे, रस्त्याला लागून. पार्टनर दोघे. दत्तूदादा गाडीखाली, मी स्क्रीनसमोर. दत्तूदादा इतका शांत की पायावर पाना पडला तरी "पडला वाटतं" एवढंच म्हणेल. माझं बरोब्बर उलट. मला एका जागी बसवत नाही. चहा उभ्याने पितो, जेवताना दोनदा उठतो. बायको म्हणते, "अहो, लोकांच्या गाड्या सरळ करता, पण तुमची स्वतःची चारही चाकं कधी एका दिशेला बघत नाहीत!"

आता हे चाकांचं बघणं काय, ते सांगून टाकतो. गाडीची चारही चाकं एकाच दिशेला बघायला हवीत, म्हणजे ती सरळ चालते. हल्ली पोरं लूकसाठी गाडी खाली करतात. लांब स्प्रिंगा काढून आखूड घालायच्या, की गाडी रस्त्याला चिकटल्यासारखी दिसते. पण मग चाकं वरून आत झुकतात, टायर आतल्या अंगाने झिजतो आणि स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागतं. मग ती पोरं आमच्याकडे येतात. आमच्याकडच्या रस्त्यांवर गाडी खाली करायला छाती लागते. डोकं लागत नाही.

*

अलिबाग कोर्टातले एक वकील. गाडी काळी, खाली केलेली, पनवेलला तारीख. आल्या आल्या घड्याळ दाखवून म्हणाले, "पटकन करा हं!"

चाकांना क्लॅम्प लावले, स्क्रीनवर आकडे आले, दत्तूदादाने खालून नट फिरवायला सुरुवात केली. लाल आकडा हिरवा झाला की काम झालं. झाला हिरवा. तेवढ्यात साहेब दार उघडून आत बसले, फोनचा चार्जर घेतला. आकडा लाल! उतरले, हिरवा. परत चढले, गॉगल राहिला होता. लाल! उतरले. मग फाईल. दत्तूदादा खालून शांतपणे म्हणाला, "संजू, गाडीत भूत आहे का रे?"

माझा पारा चढला. मी म्हटलं, "वकीलसाहेब, तुम्ही बसलात की गाडी बिघडते, उतरलात की सुधारते! कृपा करा आणि बाहेर उभे राहा!"

साहेब एकदम गंभीर झाले. म्हणाले, "अहो, आमच्या घरीही हेच मत आहे."

*

चौलच्या एक शिक्षिका. वाडीवाल्या घरातल्या, नारळ-सुपारीच्या. गाडी मुलाची. त्याने हौसेने खाली केली आणि नोकरीसाठी पुण्याला निघून गेला. गाडी आईच्या वाट्याला आली. "यात बसताना पाटावर बसल्यासारखं वाटतं," म्हणाल्या. "नुसतं ताट तेवढं वाढायचं राहिलंय."

अलाइनमेंट झाली की मी सरळ रस्त्यावर एक चक्कर मारतो. रस्ता मोकळा बघायचा, वेग कमी ठेवायचा आणि स्टेअरिंगवरचे हात क्षणभर उचलायचे. गाडी आपली आपण सरळ गेली, तर काम पास. बाई शेजारी बसल्या होत्या. मी हात उचलले. बाईंनी किंचाळून स्टेअरिंग पकडलं!

"बाई, सोडा! सरळच जाणार आहे!"

"सरळ जाणार म्हणे! आमचे हे घरात असेच हात सोडून बसलेत. संसार सरळ चाललाय तो बाजूने मी धरलाय म्हणून!"

टेस्ट घेता आली नाही. पण त्यांचा फोन काही आला नाही, म्हणजे गाडी सरळ असावी.

*

आता हर्षल. खरं म्हणजे हे सगळं सांगायला घेतलं ते हर्षलसाठीच.

हर्षल उरणकडचा आगरी पोरगा. घरचे ट्रेलर न्हावा शेव्याला कंटेनर वाहतात, आणि गावाबाहेर जुनी मिठागरं आहेत, त्यांतलं एखादं अजून चालू आहे. पोरगा गोड, पण माझ्याहून उतावळा. पनवेलला सकाळी स्प्रिंगा बदलल्या आणि जेवायच्या आत आमच्या दारात! गाडी इतकी खाली की रॅम्पवर चढताना बंपर घासायला लागला. मग आम्ही आमच्या खास फळ्या काढल्या. रेवदंड्याच्या एका कोळ्याची जुनी होडी मोडली तेव्हाच्या आहेत. त्या उतारावर टाकल्या की खाली केलेल्या गाड्या त्यांवरून वर येतात.

दत्तूदादाने वाकून बघितलं आणि म्हणाला, "स्प्रिंगा अजून दबून जागेवर बसल्या नाहीत. थोडी चालव, बसू दे, मग ये."

"दादा, आत्ताच मार ना! संध्याकाळी पोरांना दाखवायचीय."

"आज केली तर आठवड्यात परत येशील."

"येईन ना! मला आवडतं तुमच्याकडे."

केली. आठवड्याच्या आत आला. स्टेअरिंग वाकडं धरून गाडी सरळ चालवत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "भावा, बोललो होतो ना येईन! शब्द पाळला की नाही?"

*

त्याच्या मागोमाग एक ट्रेलर येऊन थांबला. वरच्या केबिनमधून पांढऱ्या मिशा खाली बघत होत्या. हर्षलचे वडील, आप्पा. आप्पांच्या तोंडात 'ड' येत नाही. गाडीची गारी होते, सोडचं सोर होतं. आवाज असा की ट्रेलरला हॉर्नची गरज नाही.

केबिनमधूनच त्यांनी खालच्या गाडीकडे बघितलं. "ही गारी हाय का चप्पल?"

हर्षल म्हणाला, "आप्पा, स्टाईल आहे ती!"

"माना नाय बसाचा या गारीन. न बाप्पाला बी नाय बसवाचा!"

ट्रेलर निघून गेला आणि हर्षल आमच्या टायरच्या ढिगावर मटकन बसला. तेव्हा खरी गोष्ट कळली. त्यांच्याकडे गणपती पेणहून येतो, शाडूचा, आणि तो घरातला मोठा माणूस मांडीवर घेऊन आणतो. फरशीवर ठेवत नाहीत, सीटवर ठेवत नाहीत. हर्षल लहान असताना एका वर्षी भाड्याचा टेम्पो खड्ड्यात आदळला आणि आप्पांच्या मांडीवरच मूर्तीच्या हाताला तडा गेला. त्याच वर्षी हर्षलची आई गेली. दोन्हींचा संबंध कुणी बोलून दाखवला नाही, पण आप्पांनी मनात तो धरून ठेवला. तेव्हापासून ते ट्रेलरच्या केबिनमधून गणपती आणतात, बैलगाडीच्या वेगाने, आणि मागे वाहनांची रांग खारपाड्यापर्यंत!

"मी पहिल्या पगाराच्या दिवशीच ठरवलं होतं," हर्षल म्हणाला. "माझी गाडी आली की बाप्पा माझ्या गाडीतून येणार, आणि आप्पा बाजूला बसणार. बस, एवढंच पाहिजे मला."

"मग खाली कशाला केलीस रे गाढवा?"

"तेव्हा दोन्ही एकदम सुचलं."

मला खरं सांगायचं तर रडू आलं असतं, पण तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं.

*

गणपती जवळ आले की आमच्या रस्त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो. मुंबई सगळी कोकणात उतरते. दुकानात रांग, रस्त्यावर रांग, आणि मी दोन्ही रांगांच्या मधे हातवारे करत उभा. त्या गडबडीत हर्षल रोज येऊन विचारायचा, "झाल्या का स्प्रिंगा बसून?" अंड्यातून पिल्लू निघायची वाट बघावी तसा गाडीखाली डोकावायचा.

शेवटी दत्तूदादा म्हणाला, "बसल्या. आता करू. पण रिकाम्या गाडीला सरळ करून उपयोग नाही. त्या दिवशी जेवढं वजन बसणार, तेवढं आत ठेवून करू."

माणूस बसला की आकडे हलतात, हा वकीलसाहेबांनी आम्हाला शिकवलेलाच धडा होता!

म्हणजे ड्रायव्हरच्या जागी हर्षल. मागे दोन माणसं धरून जुने टायर रचले. आणि पुढे, आप्पा आणि त्यांच्या मांडीवर बाप्पा. आप्पा तर येणार नव्हते. हर्षलने मिठागरावरून भरलेली गोण आणली. "आप्पांएवढी आहे," म्हणाला. "थोडी जास्तच, म्हणजे बाप्पाही आले."

गोण पुढच्या सीटवर बसवली आणि इग्निशन लावलं. गाडी टूंटूं करून बोंबलायला लागली! सीटवर वजन आहे आणि बेल्ट नाही. माझ्या डोक्यात तो आवाज शिरला की मी वेडा होतो. ओरडलो, "अरे, लावा त्या गोणीला बेल्ट!"

दत्तूदादाने निवांतपणे गोणीला बेल्ट लावला, वरची टोकं टोपीसारखी नीट केली आणि म्हणाला, "आता दिसतायत आप्पा."

पावसाळी हवा, मिठाला पाणी सुटलं, सीट भिजली. दत्तूदादा म्हणाला, "घाबरलेत थोडे."

हर्षलने फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'आप्पा बसले एकदाचे माझ्या गाडीत!'

*

काम झालं, हर्षल गोणीसकट एक लांब चक्कर मारून आला, तोवर ट्रेलर दारात! आप्पा उतरले ते फोन हातात धरूनच. "माजी मस्करी करतंस? पावण्यांना दाखवतंस?" हर्षल गाडीच्या त्या बाजूला, आप्पा या बाजूला, मधे मी. मला वाटलं, आता आमच्या पान्यांचा उपयोग भलत्याच कामाला होणार.

आप्पांनी पुढचं दार उघडलं. गोण बसली होती, बेल्ट लावून, ताठ. आप्पा बघत राहिले. हाताने बेल्ट ओढून बघितला. मग आवाज एकदम उतरला.

"माज्या जागेवर ही?"

"तुम्ही बसत नाही ना," हर्षल म्हणाला.

"गोनीला दोरी बांधलेली व्हती?"

"नाही. तोंड उघडंच होतं. कुठल्या कुठल्या खड्ड्यातून नेली मी."

आप्पांनी वाकून सीटखाली बघितलं, पायाकडे बघितलं, बोटाने मॅटवर चाचपलं. मिठाचा दाणा नव्हता.

"बरा," आप्पा म्हणाले. "बाप्पासाठी बसन. तुज्यासाठी नाय!" आणि वळून माझ्याकडे बोट केलं. "न ज्यानं गारी सरळ केली, ते दोगं मागं बसतील. गारी एका अंगाला गेली, तर त्यांना उतरवून घरापरत धक्का मारवन!"

त्या दिवसापासून माझी झोप गेली. गिऱ्हाइकाचं काम करताना डोळ्यांसमोर शाडूच्या मूर्तीचा हात. रात्री बायको म्हणाली, "किती कूस बदलताय, पलंगाची अलाइनमेंट जाईल."

*

तो दिवस उजाडला. पेणला मूर्तीच्या कारखान्यात आप्पांनी मूर्ती हातात घेतली, तिच्या तोंडावर रुमाल टाकला आणि हर्षलच्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. बसायला इतका वेळ लावला की मी चारदा घड्याळ बघितलं. शेवटी बसले. गुडघे छातीला, मूर्ती मांडीवर. "चप्पल तं चप्पल," म्हणाले. "चल."

पहिला स्पीडब्रेकर आला आणि लक्षात आलं की मीठ आणि टायर ठेवून आम्ही सगळं मोजलं होतं, फक्त गाडीचं पोट किती खाली जातं ते सोडून! गाडी खर्रकन घासली. आप्पांनी मूर्ती छातीशी घट्ट धरली.

"उतरा!" आप्पा ओरडले. "मागचं दोगं उतरा!"

मी आणि दत्तूदादा उतरलो, गाडी हलकी झाली, स्पीडब्रेकर अलगद पार झाला. आम्ही चालत गेलो, परत बसलो. पुढे पुन्हा स्पीडब्रेकर, पुन्हा उतरा. आमच्या भागात गाव आलं की स्पीडब्रेकर, शाळा आली की स्पीडब्रेकर, पुढाऱ्याचं घर आलं की स्पीडब्रेकर! मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून कान किटवले. मी शिव्या देणार होतो, पण समोर बाप्पा.

एका नाक्यावर पोलिसाने अडवलं. "काय चाललंय हे? मधेच उतरताय, मधेच चढताय?"

हर्षल गोरामोरा झाला. गाडी खाली केलेली, पोलीस समोर, वर आप्पांना तर तोंडसुख घ्यायला आयती संधी! मी डोळे मिटले.

आप्पा म्हणाले, "सायेब, बाप्पा बसल्यान. आमच्यान रीत हाय. बाप्पा बसला का मानसांनी थोरा थोरा पायी चालाचा."

"प्रत्येक स्पीडब्रेकरला?"

"रीत म्हंजे रीत!"

पोलिसाने टोपी काढली, मूर्तीला हात जोडले आणि मागच्या गाड्यांना थांबवून आम्हाला वाट करून दिली. हर्षल आरशातून माझ्याकडे बघत होता. त्याच्या तोंडाचा आ मिटेना.

*

खाडीवरचा पूल ओलांडला. पुढे मिठागरांच्या कडेने रस्ता सरळ जातो. दोन्ही बाजूंना पाणी, समोर चिटपाखरू नाही, गाव अजून लांब. गाडी हळू चालली होती. मी मागून पुढे झुकून स्टेअरिंगकडे बघत होतो, ते मधोमध आहे की नाही, एवढंच.

आप्पा म्हणाले, "संजू, तू बोललास, गारी सरळ झाली का नाय ता हात सोरून बघतान. खरा?"

"हो आप्पा. मी केलीय टेस्ट. एकदम सरळ आहे."

"तू नाय." ते हर्षलकडे वळले. "तू सोर."

"आप्पा!" हर्षल म्हणाला. "मांडीवर बाप्पा आहेत!"

"म्हनून तं सांगतंय. सोर हात."

हर्षलने हात उचलले. स्टेअरिंगच्या जरा वर, पसरलेले. दत्तूदादाने आयुष्यात पहिल्यांदा माझा हात पकडला. गाडी चालत राहिली, ना इकडे, ना तिकडे. मी रस्त्याकडे बघत होतो. आप्पा रस्त्याकडे बघत नव्हते. ते पोराच्या हातांकडे बघत होते.

"धर आता," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी मूर्तीवरचा रुमाल सारखा केला, समोर बघितलं आणि मान न वळवता म्हणाले,

"संजू, पुरच्या वर्षी मिठाची गोन नको ठेवू. मी सोता येन बसाला."